वाकड्या-गाठीच्या लाकडातून टिकाऊ औजार



मृगाचा पाऊस पडून गेला आहे, रानाला वाफसा आला आहे, बी-बियाणे व खत घरात आहे, बैल जुंपले आहेत आणि अशा वेळी तिफणीची दांडी मोडली, तर काय होते हे आपणास सांगावयास नको. भारी काळ्या जमिनीत वाफसा फार दिवस थांबत नाही. दोन दिवस हुकले की एकतर वरचा ओलावा उडून जातो, नाहीतर पुन्हा पाऊस येऊन रान चिखल होते.

आमच्या घरी असे एकदा घडले आहे. मी तेव्हा कृषी महाविद्यालयात शिकत होतो. वडिलांनी उन्हाळ्यात तिफणीला नवीन दांडी केली होती. करवतीवर कापून आणलेली, चारही बाजूंनी गुळगुळीत, दोरी धरल्यासारखी सरळ दांडी. पेरणीच्या दुसऱ्याच दिवशी ती मधोमध तिरकी मोडली. गावातील म्हातारे सुतारकाका आले. त्यांनी मोडलेला तुकडा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "लेकरा, दांडी सरळ हाय, पर लाकडाची रेघ बघ कशी बाहेर पळालीय." आमची जुनी दांडी वाकडी होती, तिच्यात दोन गाठीही होत्या; पण ती कित्येक वर्षे चालली होती. सुतारकाकांनी तीच जुनी दांडी माळवदावरून खाली काढली, तिला कडे ठोकले व पेरणी पूर्ण झाली. मात्र दीड दिवस गेला आणि शेवटच्या पट्ट्यात उगवण विरळ झाली.

डोळ्याला सरळ दिसणे आणि लाकडाची रेषा सरळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्या दिवशी मिळाला. आज बऱ्याच गावांत ट्रॅक्टर व लोखंडी औजारे आली आहेत, सुतारकाम करणारी घरे कमी झाली आहेत. तरीही ज्यांच्याकडे बैलजोडी आहे त्यांना जू, दांडी, रुमणे लागतेच. आणि ज्यांच्याकडे बैल नाहीत त्यांनाही कुऱ्हाड, कुदळ, टिकाव व फावड्याचा दांडा लागतो. बाजारातील निर्दोष लाकूड महाग पडते. आपल्या बांधावर असते ती वाकडी, गाठीची बाभूळ. तिच्यातून टिकाऊ औजार कसे करावे, याचा विचार या लेखात केला आहे.

लाकूड म्हणजे धाग्यांची जुडी

लाकूड हे खोडाच्या लांबीच्या दिशेने धावणाऱ्या बारीक, पोकळ धाग्यांचे बनलेले असते. अंबाडीचा पेंढा जसा लांबीच्या दिशेने ओढला तर तुटत नाही, पण आडवा सोलला की सहज सुटतो, तसेच लाकडाचे आहे. धागा औजाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड गेला तर औजार मजबूत. धागा मध्येच बाजूने बाहेर पडला तर त्या जागी लाकूड तुटत नाही, ते सोलले जाते. मोडलेल्या दांड्याचे तोंड लांब व तिरके दिसते ते यामुळेच.

सरळ रेषेच्या लाकडाची ताकद १०० धरली, तर रेषा तिरकी झाल्यावर ती साधारणपणे पुढीलप्रमाणे उतरते. पहिला आकडा सावकाश येणाऱ्या भाराचा व दुसरा एकदम बसणाऱ्या हिसक्याचा आहे.

रेषा २५ सेंमी लांबीत १ सेंमी बाजूला गेल्यास : ९६ व ९५
२० सेंमी लांबीत १ सेंमी : ९३ व ९०
१५ सेंमी लांबीत १ सेंमी : ८९ व ८१
१० सेंमी लांबीत १ सेंमी : ८१ व ६२
५ सेंमी लांबीत १ सेंमी : ५५ व ३६

हे आकडे विदेशी लाकडांवरील चाचण्यांतून आलेले आहेत, परंतु घसरणीची दिशा सर्व लाकडांत तीच असते. शेतीची औजारे हिसक्यानेच मोडतात. वखराची पास मुळाला किंवा दगडाला अडली की हिसका बसतो, कुऱ्हाडीचा तर प्रत्येक घाव हिसकाच असतो. म्हणून दुसऱ्या आकड्याकडे लक्ष द्यावे. दांडा व दांडीसाठी २० सेंमीत १ सेंमीपेक्षा जास्त तिरकी रेषा चालवून घेऊ नये.

धनुष्याकडून घ्यावयाचा धडा

लाकडाची सर्वांत कठीण परीक्षा धनुष्यात होते. धनुष्य ओढले की त्याची बाहेरची, म्हणजे तिरंदाजापासून दूरची बाजू ताणली जाते आणि आतली बाजू दाबली जाते. बाहेरच्या बाजूचा एक धागा जरी कापला गेला तरी तेथून चीर सुरू होते. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्यात भिल्ल बांधव बांबूचे धनुष्य करतात व त्याची दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची असते. बांबूचे सर्वांत चिवट धागे सालीलगत असतात, ते अखंड ठेवण्यात या कामाचे मर्म आहे.

इंग्लंडचे 'मेरी रोज' हे युद्धनौकेचे जहाज १५४५ मध्ये बुडाले व १९८२ मध्ये वर काढण्यात आले. त्यात यू नावाच्या झाडाच्या लाकडाची शंभरावर अखंड धनुष्ये मिळाली. यू हे गाठीचे लाकूड आहे. त्या कारागिरांनी गाठी तासून सपाट केल्या नाहीत. गाठीभोवती लाकूड थोडे उंच, फुगीर ठेवले. गाठीजवळ धागा वळसा घेऊन जातो. फुगवटा तासला की तो वळसा कापला जातो आणि धनुष्य तेथेच मोडते. म्हणजे निर्दोष लाकूड मिळेपर्यंत कोणी थांबले नाही. दोष ओळखून त्याला योग्य जागा दिली. कोकणात लाकडी होड्या बांधणारे सुतारही होडीच्या फासळ्यांसाठी मुद्दाम वाकडी लाकडे शोधतात, कारण नैसर्गिक वाकात धागाही वाकासोबत वळलेला असतो.

आपल्याकडील दांडी व जू हीसुद्धा एक प्रकारची धनुष्येच आहेत.

दोष कसे ओळखावेत?

१) वाक : वाक हा स्वतः दोष नाही. वाकासोबत धागा वळला असेल तर तो गुण आहे. रुमणे, नांगराचे खोड यांसाठी खोड व फांदीचा सांधा मुद्दाम निवडावा. वाकड्या ओंडक्यातून करवतीने सरळ दांडी काढणे मात्र टाळावे, कारण त्यात धागे कापले जातात.

२) पीळ : काही झाडांत धागे खोडाभोवती दोरीसारखे पिळलेले असतात. उभ्या झाडाच्या सालीवरील भेगा तिरक्या वर चढत असतील तर शंका घ्यावी. साल काढून वाळविलेल्या ओंडक्यावरील चिरा पाहाव्यात. चीर नेहमी धाग्याच्या दिशेने पडते. तासलेल्या लाकडावर रेषा दिसत नसेल तर शाईचा एक थेंब टाकावा. शाई धाग्याच्या दिशेने लांब पसरते. जास्त पिळाचे लाकूड खुंटा, मेढ किंवा जळणासाठी वापरावे.

३) गाठ : जिवंत गाठ भोवतालच्या लाकडाशी एकजीव असते. मेलेली गाठ काळी, सैल असते व ठोकल्यास हलते किंवा निघून येते. मेलेल्या गाठीच्या जागी भोकच आहे असे समजावे.

४) चीर : धाग्याच्या दिशेने गेलेली उभी, उथळ चीर फारशी घातक नसते. आडवी चीर, किंवा गाठीतून निघून कडेला जाणारी चीर आढळल्यास लाकूड बाजूला काढावे.

५) किडा : बाभळीचे बाहेरचे पांढरे लाकूड भुंगेऱ्यांना आवडते, कारण त्यात पिष्टमय पदार्थ असतो. टाचणीएवढी छिद्रे व खाली पिठासारखा भुसा पडलेला दिसल्यास किडा आत कार्यरत आहे. आतला तांबूस गाभा त्या मानाने टिकाऊ असतो.

कोणती बाजू ताणात असते?

हे समजले की गाठ कोठे ठेवायची ते आपोआप कळते.

दांडी : वखर किंवा तिफण ओढताना जमिनीचा विरोध खाली पासेवर किंवा फणावर येतो, तसेच वळणावर औजार उचलले की त्याचे वजन दांडीवर येते. दोन्ही वेळी दांडीची खालची बाजू ताणली जाते. म्हणून खालची बाजू स्वच्छ, बिनगाठीची ठेवावी व गाठ वरच्या बाजूस किंवा मधोमध यावी.

जू : बैल दोन्ही टोके पुढे रेटतात व औजार मधला भाग मागे ओढते. म्हणून मधल्या भागाची मागची व खालची बाजू ताणात असते. तेथे गाठ येऊ देऊ नये. शिवळांची भोकेही गाठीजवळ पाडू नयेत.

कुऱ्हाड, कुदळ, टिकाव यांचा दांडा : येथे हिसका पुढे-मागे दोन्ही बाजूंना बसतो. डोक्यापासून वीतभर अंतरात एकही गाठ नसावी.

गाठ जाडीच्या मध्यभागी आल्यास नुकसान सर्वांत कमी होते, कारण मध्यभागी ताणही कमी व दाबही कमी असतो. तीच गाठ ताणाच्या कडेवर आल्यास लहान असूनही औजार मोडते.

तोड, मुरवण व वाळवण

लाकूड कार्तिक ते माघ या काळात तोडावे. थंडीत लाकूड हळू वाळते, म्हणून कमी चिरते. झाड तोडण्यापूर्वी परवानगीबाबत वन विभागाच्या जवळच्या कार्यालयात चौकशी करावी.

तोडल्यानंतर साल काढावी. दोन्ही टोकांना शेण-मातीचा जाड लेप द्यावा. टोकाकडून पाणी फार लवकर उडते व तेथूनच चिरा पडतात, त्या लेपामुळे कमी होतात. जाड ओंडके अखंड न ठेवता पाचर ठोकून उभे फोडावेत. पाचरीने फोडलेले लाकूड धाग्यावरच फुटते, म्हणून रेषा आपोआप सांभाळली जाते व लाकडाचा खरा स्वभावही कळतो. करवत मात्र आपण नेऊ तिकडे जाते, धागा पाहत नाही.

बाभळीचे लाकूड साधारण सहा आठवडे पाण्यात पूर्ण बुडवून ठेवण्याची जुनी पद्धत योग्य आहे. पाण्यात पिष्टमय पदार्थ निघून जातो व भुंगेऱ्याचा त्रास कमी होतो. पिण्याच्या पाण्यात मात्र लाकूड टाकू नये, पाणी कुजते.

त्यानंतर सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच ओंडक्यांवर थप्पी लावावी. दोन थरांत बोटभर जाडीच्या पट्ट्या ठेवाव्यात म्हणजे हवा खेळते. वरून दगडाचे वजन द्यावे. उन्हात टाकू नये. बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओला राहतो आणि लाकूड फाटते. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, परंतु घेराच्या दिशेने गाभ्याच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसते. गोल ओंडका मध्यापर्यंत चिरतो तो यामुळेच.

लाकूड वाळले की नाही हे अंदाजाने न ठरविता वजनाने ठरवावे. थप्पीतील एका तुकड्यावर खूण करून दर १५ दिवसांनी त्याचे वजन वहीत लिहावे. लागोपाठ दोन-तीन वेळा वजन कमी झाले नाही की लाकूड हवेशी जुळले असे समजावे. आपल्याकडे उन्हाळ्यात उघड्या हवेतील लाकडात ६ ते ८ टक्के ओलावा उरतो व पावसाळ्यात तो १५ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून दांडे बसविण्याचे काम वैशाखात करावे. उन्हाळ्यात घट्ट बसलेला दांडा पावसाळ्यात आणखी घट्ट होतो. पावसाळ्यात बसविलेला उन्हाळ्यात सुटतो.

तासण्याची पद्धत

१) प्रथम ताणाची बाजू ठरवून तीवर कोळशाने खूण करावी. ही बाजू शेवटपर्यंत कमीत कमी तासावी. साल काढल्यावर निघालेला नैसर्गिक पृष्ठभाग तसाच राहिला तर उत्तम.

२) वाकस धाग्याच्या दिशेने चालवावा. लाकूड उचकटू लागले की आपण धाग्याच्या विरुद्ध तासत आहोत असे समजून दिशा बदलावी. गाठीजवळ दोन्ही बाजूंनी गाठीकडे न जाता गाठीपासून दूर तासावे.

३) गाठीभोवती दोन्हीकडे चार बोटे अंतरापर्यंत लाकूड जाडसर ठेवावे. औजार देखणे दिसले नाही तरी चालेल.

४) वजन कमी करावयाचे असल्यास रुंदी कमी करावी, उंची नव्हे. दांडीची ताकद रुंदीच्या प्रमाणात पण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ७ सेंमी रुंदी ६ सेंमी केली तर ताकद सुमारे १४ टक्के घटते. ७ सेंमी उंची ६ सेंमी केली तर सुमारे २७ टक्के घटते.

५) खाचेचे व भोकाचे कोपरे काटकोनात न ठेवता थोडे गोल करावेत. चीर नेहमी कोपऱ्यातून सुरू होते.

६) शेवटी कानस व काचेच्या तुकड्याने हात फिरेल तेथे साफ करून जवसाचे तेल दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी वाळू देऊन लावावे.

रानात नेण्यापूर्वी परीक्षा

धनुष्य करणारा कारागीर पहिल्याच दिवशी धनुष्य पूर्ण ओढत नाही. थोडे वाकवितो, पाहतो, जेथे जास्त वाकते तेथे तासणे थांबवितो. हीच पद्धत दांडीला लावावी. दांडीची दोन्ही टोके दगडांवर टेकवावीत, ताणाची बाजू खाली ठेवावी. मध्यभागी ५० किलोचे एक पोते हळू ठेवावे. बाजूने डोळा लावून पाहावे. वाक सर्वत्र सारखा असावा. एकाच जागी कोन पडत असेल किंवा चर्र असा आवाज आला, तर दोष तेथे आहे. पाच मिनिटांनी पोते काढल्यावर दांडी पूर्ववत यावयास हवी. त्यानंतर दुसरे पोते वाढवून पुन्हा पाहावे. दांडी मोडावयाचीच असेल तर ती अंगणात मोडलेली बरी, पेरणीत नव्हे. परीक्षेच्या वेळी लहान मुलांना दूर ठेवावे.

दांडा बसविताना

ढिला झालेला कुऱ्हाडीचा दांडा पाण्यात बुडवून ठेवण्याची सवय सर्वत्र आहे. ती सोडून द्यावी. पाण्याने लाकूड फुगते, परंतु लोखंडाच्या भोकात त्याला जागा नसल्याने धागे चेंगरतात. वाळल्यावर तो भाग पूर्वीपेक्षाही बारीक होतो आणि कुऱ्हाड आधीपेक्षा जास्त हलते. अशी कुऱ्हाड हातून निसटून समोरच्या माणसाला लागल्याच्या घटना आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. त्याऐवजी दांडा पूर्ण वाळवून, त्याच्या तोंडाला उभी खाच घेऊन, कोरड्या कठीण लाकडाची पाचर ठोकावी.

दुरुस्ती

धाग्याच्या दिशेने उभी चीर पडली असल्यास कच्च्या कातड्याची वादी भिजवून घट्ट गुंडाळावी. वाळताना ती आकसून पकड घेते. लोखंडी कडेही चालते. तिरकी मोड असल्यास नुसते खिळे मारून उपयोग नाही, खिळा धाग्यांना आणखी फाडतो. जोड द्यावयाचाच असेल तर तिरकस जोडाची लांबी जाडीच्या किमान आठ ते दहा पट ठेवावी व दोन ठिकाणी कडी बसवावीत. कुऱ्हाड व टिकावाचा मोडलेला दांडा मात्र कधीही जोडून वापरू नये.

पुढील पिढीचे लाकूड

आज गाठी कमी हव्या असतील तर त्याची तयारी बांधावर पंधरा-वीस वर्षे आधी करावी लागते. बाभळीचे बी कठीण कवचाचे असते. शेळ्यांनी शेंगा खाल्ल्यानंतर वाड्यात पडलेले बी गोळा करून पेरल्यास उगवण चांगली होते. रोप वाढताना खालच्या फांद्या बोटाएवढ्या असतानाच खोडाजवळ स्वच्छ कापाव्यात. त्यामुळे गाठ गाभ्यातच राहते व बाहेर बिनगाठीचे लाकूड चढते. मनगटाएवढी झालेली फांदी तोडली तर गाठही मनगटाएवढीच राहते. प्रत्येक बाभूळ मात्र सरळ करण्याच्या मागे लागू नये. दोन-चार झाडे दुबेळकी व वाकडी राहू द्यावीत. रुमण्याचे लाकूड त्यांतूनच मिळते.

गावात अजून सुतारकाम जाणणारी वडीलधारी मंडळी असतील तर त्यांच्याजवळ बसून एक तरी दांडी स्वतः तासावी. कोणत्या झाडाची कोणती फांदी कशाला चालते हे त्यांना झाड पाहून सांगता येते. ते ज्ञान पुस्तकात फार थोडे उतरले आहे.

शेतकरी बंधूंनो, वैशाखात एक दिवस काढून घरातील सर्व औजारे अंगणात मांडावीत. प्रत्येकाची रेषा पाहावी, गाठ कोणत्या बाजूस आहे ते पाहावे, कड्या व पाचरी तपासाव्यात. शंका आली ते औजार बाजूला काढून त्याच्या जागी वाळलेले, तपासलेले लाकूड तयार ठेवावे. मृगाच्या पहिल्या वाफशावर चाड्यावर मूठ धराल, तेव्हा तो एक दिवस कामी येईल.